जाताना चाळीस, येताना साठ

ज्ञानेश कुलथे यांना मोजमाप नसलेला माणूस सहन होत नसे. चाकणच्या एका कंपनीत गुणवत्ता विभागात त्यांनी बावीस वर्षं काढली होती. इंजिनातल्या पिनेचा व्यास केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा जास्त भरला तर ती पीन नापास करायची, हे त्यांचं काम. असा माणूस राहायला मात्र मोशीत होता. तिथं कुठलंही ठिकाण ‘त्या तिकडं’ असतं, रिक्षावाला अंतर सिग्नलमध्ये सांगतो आणि कंपनीतली माणसं ते चहात सांगतात. “एक चहा होईपर्यंत पोचाल.” कोणाचा चहा, उभ्यानं प्यायचा की बसून, हे विचारलं तर सांगणारा रागावतो. दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे असं एकानं सांगितलं, तेव्हा कुलथ्यांनी हाक कुणाची धरायची असं विचारलं होतं. समोरच्यानं त्यांना दवाखान्याची खरंच गरज आहे अशा नजरेनं पाहिलं.

या गुणामुळेच ऋतुगंध सोसायटीनं त्यांना सचिव केलं होतं. निदान कुलथ्यांची तशी समजूत होती. खरं कारण असं की त्या सभेला ते उशिरा पोचले होते.

मंगळवारी सकाळी तळमजल्यावरच्या सुमनताईंनी पार्किंगमध्ये स्कूटर स्टँडवर लावली आणि स्टँड जमिनीत गेलं. किती गेलं यावर पहिला वाद झाला. सुमनताई म्हणाल्या ढोपरभर. वॉचमन म्हणाला टाचभर. अध्यक्ष दादासाहेब एका खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांनी ‘लक्षणीय’ असा शब्द वापरला. कुलथ्यांनी वर जाऊन पट्टी आणली आणि एकशे ऐंशी मिलिमीटर असं जाहीर केलं. त्यानं कुणाचंही समाधान झालं नाही.

खरं तर पार्किंगमधले पेव्हर ब्लॉक अकरा ठिकाणी खचलेले होते आणि त्याची सगळ्यांना सवय होती. बिल्डरनं काम केलंच तसं होतं. पण त्याच वेळी आबाजी तिथं आले. सोसायटी ज्या शेतावर उभी आहे ते शेत आबाजींचं. गेटजवळ शेंदूर लावलेला म्हसोबाचा दगड आहे. तो हलवायची बिल्डरची छाती झाली नाही, म्हणून आबाजी रोज सकाळी त्याला फूल वाहायला येतात. स्कूटरभोवतीचा घोळका पाहून ते थांबले आणि सहज म्हणाले, “हीर हाय ना हितं. बिल्डरनं राडारोडा टाकून बुजवली. बसत आसंल आता खाली.”

प्रत्येकानं आपापल्या गाडीकडे पाहिलं.

कुलथ्यांनी वही काढली आणि विहीर नक्की कुठं आहे असं विचारलं. आबाजींनी हात गोल फिरवला. त्या हातात पार्किंग, बाग आणि बी विंगचा अर्धा भाग आला. खोली विचारली तर म्हणाले सात परस. परस म्हणजे किती, तर हात वर करून उभा राहिलेला माणूस.

“किती उंचीचा माणूस, आबा?”

“माणसाएवढा.”

कुलथ्यांनी सरासरी मराठी पुरुष हात वर करून सात फूट धरला, सातनं गुणलं आणि वहीत ‘१४.९४ मीटर’ असं लिहिलं. दोन दशांश स्थळं लिहिल्यावर त्यांना जरा बरं वाटलं. बाकी कुणालाच वाटलं नाही, कारण पाच मजली इमारत सरळ उभी जमिनीत जाईल एवढा तो आकडा होता.

संध्याकाळी पाच वाजता टँकर आला आणि खरा प्रश्न गेटवर येऊन उभा राहिला. ऋतुगंधचे अठ्ठेचाळीस फ्लॅट टँकरवर जगतात. टँकर चालवणारा इम्तियाज नऊ वर्षं रोज आत यायचा, पण त्याला वॉचमनकडून बातमी लागली होती. त्यानं गाडी गेटबाहेरच उभी केली. दादासाहेबांनी त्याला समजावलं की बाबा, तू कालपर्यंत याच जमिनीवर उभा राहत होतास.

“कालपर्यंत उभा होतो म्हणून आजही राहीन, असं जमिनीनं लिहून दिलंय का, साहेब?” इम्तियाज म्हणाला. “सोळा टन घेऊन येतो मी. तुम्ही कुणीतरी लिहून द्या, विहीर इथं नाही म्हणून. मग येतो.”

आणि तो दहा हजार लिटर पाणी घेऊन परत गेला. तो जाताना टाकीच्या झाकणातून थोडं पाणी रस्त्यावर सांडलं. ते सांडलेलं पाणी अठ्ठेचाळीस घरांनी ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं कुणी कुणाचं लग्नही पाहत नसेल.

बुधवारी कुलथ्यांनी रजा टाकली आणि सरकारी कार्यालय गाठलं. सातबाऱ्यावर ‘विहीर एक’ एवढी नोंद सापडली. नकाशावर ठिपकाही सापडला. कुलथ्यांनी भिंगातून तो मोजला तर नकाशाच्या प्रमाणात तो ठिपका जमिनीवर चाळीस फूट रुंद भरत होता. म्हणजे विहिरीपेक्षा ठिपका मोठा होता. विहीर शोधायला माणूस पाठवा असा अर्ज करायला ते दुसऱ्या खिडकीवर गेले. अर्जात एक रकाना सक्तीचा होता: विहिरीचे नेमके ठिकाण. ते माहीत असतं तर आपण आलोच नसतो, असं कुलथ्यांनी नम्रपणे सांगितलं. खिडकीतल्या बाई तितक्याच नम्रपणे म्हणाल्या की रकाना रिकामा असेल तर अर्ज पुढं सरकत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. त्यामुळे काहीच झालं नाही.

दरम्यान सोसायटीत सल्ल्यांना ऊत आला होता. आयटीतल्या एका रहिवाशानं दहा वर्षांपूर्वीचं उपग्रहाचं चित्र काढलं. त्यात आताच्या पार्किंगच्या जागी मोठ्या झाडाचा हिरवा गोळा होता, आणि झाड नक्की कशावर होतं हे उपग्रहाला दिसलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या प्रितमनं तळहातावर नारळ आडवा ठेवून खचलेल्या अकराही जागांवर चालून दाखवलं. खाली पाणी असेल तर नारळ उभा राहतो. नारळ दहा ठिकाणी उभा राहिला. अकराव्या जागेवर प्रितमच बसला, कारण त्याच्या हाताला कळ लागली होती.

बुधवारी रात्रीपर्यंत वरच्या टाकीत तळ दिसू लागला. कुलथ्यांच्या बायकोनं, पूनमनं, घरातलं जेवण कागदी पत्रावळीवर आणलं आणि नवऱ्याला आंघोळीसाठी एक तांब्या दिला. “हा किती लिटर आहे ते मोजू नका,” असंही सांगितलं.

गुरुवारी सकाळी कुलथे पुन्हा आबाजींकडे गेले. त्यांचं घर आता दोन गल्ल्या पलीकडे, तीन मजली आहे. आबाजींनी हात झटकले. “आमी बाप्ये कवा पानी आनाया गेलोय? हिला इचारा.”

ही म्हणजे सुभद्राबाई. सत्तरी ओलांडलेल्या, काटक, बोलताना समोरच्याच्या पायाच्या अंगठ्याकडे बघणाऱ्या. पंचवीस वर्षं त्यांनी त्या विहिरीचं पाणी डोक्यावरून आणलं होतं. त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. घराचा उंबरा म्हसोबाच्या दगडाला लागून होता. दगडाला पाठ लावायची, सकाळचं ऊन डोळ्यांवर घ्यायचं आणि नाकासमोर चालायचं.

“किती, काकू?”

“जाताना चाळीस पावलं. येताना साठ.”

कुलथ्यांच्या हातातलं पेन थांबलं. त्यांनी शांतपणे समजावलं की काकू, अंतर एकच आहे. जायचं आणि यायचं वेगळं कसं असेल? सुभद्राबाई म्हणाल्या, आसतंय. कुलथे म्हणाले, नसतं. सुभद्राबाईंनी त्यांच्या अंगठ्याकडे बघत पुन्हा एकदा सांगितलं की जाताना चाळीस आणि येताना साठ, आणि आपल्याला भाकरी टाकायच्या आहेत.

गुणवत्ता विभागात अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे. एकाच वस्तूची दोन मापं आली तर सरासरी काढतात. कुलथ्यांनी सरासरी काढली: पन्नास. मग त्यांनी सुभद्राबाईंना अंगणात एक पाऊल टाकायला लावलं आणि टेपनं मोजलं. पंचावन्न सेंटिमीटर. पन्नास गुणिले पंचावन्न, साडेसत्तावीस मीटर. दुपारी त्यांनी दगडाला पाठ लावली, फोनमधलं होकायंत्र उघडलं, पूर्वेला टेप सोडली, आणि टेपचं टोक कचऱ्याच्या डब्यांजवळ, कंपाउंडच्या भिंतीच्या अलीकडे, बरोबर एका खचलेल्या जागी पडलं. अकरा जागांपैकी एक. शास्त्र आणि जमीन यांची अशी गाठ पडल्यावर कुलथ्यांच्या अंगावर काटा आला. त्यांनी खडूनं वर्तुळ काढलं, भोवती दोरी बांधली आणि सोसायटीच्या लेटरहेडवर लिहून दिलं की विहीर सदर वर्तुळात असून उर्वरित पार्किंग जड वाहनांसाठी सुरक्षित आहे. खाली सही केली. दादासाहेबांनी शिक्का दिला, पण सही कुलथ्यांचीच पुरेशी आहे असं सांगितलं.

पाच वाजता इम्तियाजनं पत्र दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि टँकर आत घेतला. तोंड भिंतीकडे, मागची बाजू गेटकडे, नेहमीच्या जागेवर. पाईप खालच्या टाकीत सोडला. पाण्याचा आवाज सुरू झाला तेव्हा गॅलऱ्यांमधून लोक खाली बघत होते आणि कुलथे वर बघत होते, म्हणजे सगळ्यांना नीट दिसावेत.

बातमी ऐकून आबाजी आणि सुभद्राबाईही वर्तुळ बघायला आले. सुभद्राबाईंनी वर्तुळ पाहिलं, दोरी पाहिली आणि पदर तोंडाला लावला.

“हितं आमचा उकिरडा व्हता,” त्या म्हणाल्या. “हिरीपाशी उकिरडा कोन करतंय?”

आजूबाजूचे हसले. कुलथे हसले नाहीत. त्यांनी वही उघडून सरासरी दाखवली. सरासरी कशी काढतात तेही सांगितलं. हे सगळं पूनम बादली घेऊन उभी राहून ऐकत होती.

“तुम्हाला सकाळी सहाच्या शिफ्टला चाकणला जायला किती वेळ लागतो?” तिनं विचारलं.

“पंचवीस मिनिटं.”

“आणि संध्याकाळी यायला?”

“दीड तास.”

“मग सरासरी काढून कंपनीच्या बसला सांगत जा ना. रस्ता तर एकच आहे.” मग ती सुभद्राबाईंकडे वळली. “काकू, येताना डोक्यावर भरला हंडा असायचा ना?”

“तर. पाऊल बारीक पडतंय वज्यानं. जाताना रिकामी, ढांगा टाकत जायाची.”

कुलथ्यांनी वहीकडे पाहिलं. त्यांनी मोजलेलं पंचावन्न सेंटिमीटरचं पाऊल रिकाम्या हातांचं होतं. ते चाळीसनं गुणायचं. बावीस मीटर. साडेसत्तावीसमधून बावीस गेले साडेपाच. त्यांनी वर्तुळापासून मागं साडेपाच मीटर नजर टाकली आणि ती लगेच काढून घेतली, कारण तिथं टँकर होता.

“काकू,” त्यांचा आवाज फार खाली गेला होता, “तुम्ही एकदा चालून दाखवाल?”

“हंडा भरून द्या. अर्धा नगं, अर्ध्यानं पाऊल चुकतंय.”

सोसायटीत भरलेलं पाणी फक्त टँकरमध्येच होतं. पूनमनं तिथूनच हंडा भरला. सुभद्राबाईंनी पदराची चुंबळ केली, हंडा डोक्यावर घेतला, म्हसोबाच्या दगडाला पाठ लावली आणि चालू लागल्या. मान हलत नव्हती. फक्त पावलं पडत होती, लहान आणि सारखी. पूनम बाजूनं चालत मोठ्यानं मोजत होती. वीसपर्यंत लोक बोलत होते. तीसला गॅलऱ्याही मोजू लागल्या. चाळीसला इम्तियाज टपावरून वाकून बघू लागला. पन्नास. बावन्न. चोपन्नाव्या पावलाला हंडा टँकरच्या मागच्या फळीला लागला आणि सुभद्राबाई थांबल्या.

“सा पावलं ऱ्हायली,” त्या म्हणाल्या. “गाडी मधी आलीया.”

सहा पावलं पुढं टँकरची मागची चाकं होती.

दादासाहेबांनी तातडीची सभा घ्यावी असं सुचवलं. प्रितम नारळ आणायला निघाला होता, त्याला सुमनताईंनी दंडाला धरून थांबवलं. टँकर रिकामा करावा असं एक मत पडलं. पण रिकामा व्हायला अजून वीस मिनिटं लागणार होती, आणि पाणी पडण्याच्या आवाजाखाली आता दुसरा एक आवाज येत होता. पोत्यातून वाळू सरकावी तसा.

इम्तियाज टपावरून उतरून केबिनमध्ये शिरला. खिडकीतून त्यानं फक्त कुलथ्यांकडे पाहिलं. मागं घ्यायचं तर मागची चाकं सुटली तरी पुढची चाकं त्याच जागेवरून जाणार. पुढं घ्यायचं तर पुढं खडूचं वर्तुळ, आणि त्यापुढं भिंत. त्याच्या खिशातल्या पत्रात लिहिलं होतं की विहीर वर्तुळात आहे. बाईंच्या पावलांत होतं की चाकांखाली आहे. दोन्ही खरं असू शकत नव्हतं, आणि आता सरासरी काढायची सोय नव्हती.

कुलथ्यांनी दोरी ओलांडली. ते स्वतः काढलेल्या वर्तुळाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. पायांखाली ब्लॉक किंचित हलला, की पायच हलले, हे त्यांना कळलं नाही. तीन दिवसांत पहिल्यांदाच कुणी त्यांच्याकडे टिंगलीनं बघत नव्हतं, आणि ते बघायला त्यांना सवड नव्हती.

“या, इम्तियाजभाई,” ते म्हणाले. “विहीर इथं नाही. मी उभा आहे.”

इंजिन सुरू झालं. पूनमनं हातातली बादली खाली ठेवली.

“डावीकडे दहा अंश,” कुलथे ओरडले.

“मराठीत सांगा, साहेब.”

“जरा डाव्या अंगाला. जरासंच. हां. आता नाकासमोर. हळू, हळू. मुंगीच्या पावलानं.” टँकर पुढं सरकला आणि कुलथे मागं सरकले. मागची चाकं जागची सुटायला गाडी अजून बरीच पुढं यायला हवी होती, आणि त्यांची पाठ भिंतीला टेकली. “येऊ द्या. हातभर आहे अजून. येऊ द्या. वीतभर. चार बोटं. बोटभर...”

बंपर त्यांच्या पोटावरच्या बटणाला लागला. “बस.”

मागं पन्नास एक ब्लॉक एकदम खाली गेले. आवाज मोठा नव्हता. पाण्यात मोठं मडकं बुडावं तसा, खोल आणि एकच. धूळ वर आली. धूळ बसल्यावर जिथं मागची चाकं होती तिथं काळं, गोल तोंड उघडलेलं होतं, कुणी कंपासनं काढावं इतकं गोल. प्रितमनं एक ब्लॉक आत टाकला. सगळे कान देऊन उभे राहिले. ब्लॉक पोचल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला.

अठ्ठेचाळीस घरांनी एकाच वेळी श्वास सोडला. कुणीतरी इम्तियाजला चहा आणला. पूनमनं कप घेऊन केबिनच्या खिडकीकडे वर धरला. दादासाहेबांनी जाहीर केलं की सोसायटीनं वेळीच योग्य निर्णय घेतला. कुलथे बंपर आणि भिंत यांच्यामध्ये तसेच उभे होते, कारण गाडी मागं घेता येत नव्हती. पण त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच वर्षांत दिसलं नव्हतं असं काहीतरी दिसत होतं.

आबाजी तोंडापाशी गेले, आत डोकावले आणि मान हलवली.

“ही बायांची,” ते म्हणाले. “गुरांची हीर निराळी.”

चहाचा कप पूनमच्या हातात अर्ध्यावर थांबला. पार्किंगमध्ये जो जिथं होता तिथंच राहिला. सुमनताईंनी एक पाय उचलला होता, तो त्यांनी तसाच ठेवला. किती लांब, असं कुणीतरी विचारलं. आबाजी म्हणाले, लांब कुठली. दगडापासनं बैल सोडला की त्याचा तो जाऊन पोचायचा, तोवर त्यांची तंबाखू मळून व्हायची.

सगळ्यांनी कुलथ्यांकडे पाहिलं. त्यांनी वही काढली नाही. जरा विचार केला.

“आबा, बैल औताहून आलेला, तहानलेला असायचा की गोठ्यातला?”

आबाजींनी त्यांच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. “ह्ये इचारलंत त्ये बेस केलं. औताचा. तहानेला.”

ते दगडाशी गेले, वळले आणि मान जराशी खाली घालून निघाले, हातात नसलेली तंबाखू मळत. घाई असलेल्या थकलेल्या जनावरासारखे. विहिरीच्या कडेनं गेले. टँकरच्या बाजूनं आले. अठ्ठेचाळीस घरं त्यांच्या पायांकडे बघत होती आणि इम्तियाज केबिनमधून उतरून चाकावर पाय ठेवून उभा होता. आबाजी कुलथ्यांच्या शेजारी भिंतीपाशी पोचले, तळहात चोळत आणखी थोडा वेळ तिथंच पाय हलवत राहिले, मग तंबाखू झटकल्यासारखे हात झटकून त्यांनी भिंतीपलीकडे बोट केलं.

“थितं.”

कुलथे बंपरवर चढले आणि भिंतीवरून पलीकडे डोकावले. पलीकडच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये टँकर उलटा आत येत होता. त्याला हात दाखवत एक गृहस्थ भिंतीच्या पायथ्याशी, आबाजींनी बोट केलं तिथंच उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात लाल दिव्याचं मोजमापाचं यंत्र, चेहऱ्यावर पूर्ण शांतता.

“अहो, थांबवा ती गाडी,” कुलथे म्हणाले. “तिथं खाली विहीर आहे.”

गृहस्थांनी हात वर करून टँकर थांबवला, पण त्यांना ते आवडलं नाही. “आम्ही सगळं मोजून घेतलंय, साहेब. आजच सुरक्षित म्हणून पत्र दिलंय.”

“पत्रावर सही कुणाची आहे?”

“माझी.”

कुलथ्यांनी भिंतीवर पोट टेकलं आणि दोन्ही हात खाली सोडले.

“मग आधी तुम्ही इकडे या,” ते म्हणाले. “धरा हात.”